उघडा पत्रा

तो ओंडका जरा शेकोटीत सरकवा आणि ऐका. आपला लायल ब्रॅनिगन, टोलेडोच्या अलीकडे मक्याच्या शेतांशेजारी राहणारा, भुताखेतांतला गडी नव्हे. चर्चलासुद्धा तो प्रार्थना संपल्यावरच्या डोनटसाठीच जायचा.

गेल्या ऑक्टोबरची सतरा तारीख, शुक्रवार. संध्याकाळी लायल प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरात, मिसळायचा हार्डनर आणायला निघाला. भंगारातून आणलेली अडुसष्ट सालची गाडी त्याने पार सोलून काढली होती. इंजिन नाही, काचा नाहीत, रंग नाही. नुसती चकचकीत बॉडी, सळईवर कोंबडी भाजतात तशी फिरत्या स्टँडवर चढवलेली. लेक जोलीन पदवी घेऊन घरी आली की किल्ली तिच्या हातावर ठेवायची, यासाठी त्याचा सारा जीव त्या गाडीत अडकलेला.

“उघडा पत्रा तसाच टाकून आलास?” हार्डनरचा डबा देताना त्याचा दुकानदार दोस्त ऑर्विल म्हणाला. “या ओल्या हवेत? लेका, घामेजला हात लागला तरी सकाळी गंजाचा पंजा उमटतो.”

“मला शिकव आता! हातमोज्यांशिवाय शिवलोसुद्धा नाही तिला.”

“बायकोला इतकं जपलं असतंस तर ती तरी टिकली असती.”

मग बिअर निघाली, टीव्हीवर सामना निघाला. ज्याला दोन तासांत प्रायमर मारायचा होता, तो घरी पोचला साडेअकराला.

गॅरेजचं कुलूप जागेवर होतं. त्याने दिवा लावला.

बॉडी उलटी होती. टप खाली, तळ वर.

जाताना ती सुलटी होती. स्टँड फिरू नये म्हणून खिट्टी त्याने स्वतः घातली होती. खिट्टी अजूनही घातलेलीच होती... ए, हसू नकोस तू.

लायल वाकला. बॅटरी आत मारली.

टपाच्या आतल्या अंगाला पंजे होते. गंजाचे. ताजे. एकावर एक. उलटलेल्या गाडीत अडकलेलं माणूस रेटा देतं... तसे.

त्याने थिनरचं फडकं फिरवलं. पुसले गेले. पुन्हा वर आले. ओले.

आणि मग त्याला करंगळी दिसली. बाहेरच्या बाजूला वाकलेली. प्रत्येक पंजाची.

जोलीन लहानपणी झाडावरून पडली होती. तिची करंगळी तशीच वाकडी जुळली होती.

त्याने तिला फोन लावला.

“बाबा? झोपले होते मी. काय झालं?”

“काही नाही... बरी आहेस ना?”

“बरी आहे. पण तुझ्याकडे कोण ठोकतंय एवढं?”

लायलने मान वळवली. गॅरेजमध्ये कोणी ठोकत नव्हतं. काहीच वाजत नव्हतं.

“बाबा...? पत्र्यावर ठोकतंय कोणीतरी...”

सोमवारी त्याने बॉडी भंगारवाल्याच्या दाबयंत्रात घातली आणि तिची पार चपटी वडी होईपर्यंत तिथून हलला नाही. जोलीन भयंकर चिडली. “माझी गाडी होती ती!” म्हणाली आणि महिनाभर बोलली नाही. लायलला त्याचं काही वाटलं नाही. चिडलेली का होईना, पोर धडधाकट होती.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती घरी जेवायला आली. टेबलावर बटाट्यांचं भांडं पुढे करताना तिचा तळवा दिव्याखाली आला. तांबूस, भगवा.

“हात कुठे माखून आलीस?”

“माखला नाहीये, बाबा. तुझा तो रात्री फोन आला ना, दुसऱ्या दिवसापासून आहे. कशानेच जात नाही.”

लायलने तिचा हात हातात घेतला. नाकाशी नेला.

लोखंडाचा वास येत होता.