ऊठ म्हटल्याशिवाय

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण खाली 'मस्त कथा ताई, अजून येऊ द्या' असं लिहू नका. एवढं एक माझ्यासाठी करा.

मी स्वतः असल्या गोष्टींना हसणारी बाई. शाळेत भाषा शिकवते. मुलांनी निबंधात भूत आणलं की समासात 'पुरावा?' असं लाल शाईने लिहिणारी.

आणि हे रात्री-बेरात्री घडलेलं नाही.

रविवारची दुपार होती. थंडी नुकतीच सुरू झाली होती. लष्करी वसाहतीतलं आमचं तळमजल्याचं क्वार्टर. स्वयंपाकघरातलं टेबल, समोर खिडकी.

खिडकीत डोंगर.

तो डोंगर मला डोळ्यांसमोर नको होता. सगळं तिथूनच सुरू झालं.

माझे मिस्टर हवालदार. भांडारात काम. बूट, घोंगड्या, तंबू. दरवर्षी यांना कामाचा अहवाल भरून द्यावा लागतो. वर्षभरात काय केलं ते आधी आपण लिहायचं, मग साहेब शेरा मारणार, आणि त्या शेऱ्यावर बढती. यांच्या लिहिण्याचा तर आनंदीआनंद. 'बूट दिले. बूट परत घेतले.' संपला अहवाल! म्हणून दरवर्षी मीच लिहायला बसायची.

या वेळी बढती मिळाली तर बदली लांब होती. सपाट मुलखात. तिथे डोंगर औषधालाही नाही.

मला ती बढती हवी होती. जीव तोडून हवी होती.

कॅप्टनसाहेब नवीन आलेले. कोवळे, पण माणूस भला. ते यांना म्हणाले, "हवालदार, सुट्टीच्या दिवशी तुम्ही डोंगरात हरवलेली माणसं शोधता म्हणे. तेही फुकट. मग ते अहवालात का नाही? घाला की! बढतीच्या बोर्डाला असलंच आवडतं."

हे म्हणाले, "त्यात लिहिण्यासारखं काय साहेब? आम्ही नुसतं ऐकतो."

खोटं नव्हतं ते. यांच्या शोधपथकाच्या प्रमुख दातांच्या डॉक्टर, बाकी कुणी ड्रायव्हर, कुणी न्हावी. सगळे हौशी. त्यांची पद्धत ठरलेली. एकाने हाक मारायची. मग सगळ्यांनी होते तिथे थांबायचं. पाय हलवायचा नाही, खोकायचं नाही. कुणाचा कोट सळसळला तरी डॉक्टरबाई डोळे वटारणार. कारण उत्तर आलं तर त्या शांततेतच येतं.

यांचे कान फार तिखट. पथकात नावच पडलं होतं 'कानसाहेब'. घरात मात्र 'दळण आणा' हे कधी ऐकू गेलं नाही, ते सोडा.

शिट्टीचाही नियम होता. हरवलेल्याने जागेवरून हलायचं नाही, तीनदा शिट्टी वाजवायची. शोधणाऱ्याने एकदा वाजवायची. म्हणजे... ऐकलं, येतोय.

आमच्या मुलीला हे सगळं तोंडपाठ होतं.

घरात तिला आम्ही टिटवी म्हणायचो. आवाजच तसा. यांनी तिला केशरी शिट्टी आणून दिली आणि माझ्या डोक्याला ताप झाला. बापलेकीचा रोजचा खेळ. ही मागच्या खोलीत लपणार, तीन वाजवणार. हे एक वाजवून शोधत जाणार. सापडली की म्हणायचं, "सापडलीस. ऊठ."

ऊठ म्हटल्याशिवाय ती उठायची नाही.

एकदा खेळ सुरू असताना यांना फोन आला आणि हे बोलत बाहेर निघून गेले. जेवायच्या वेळी बघतो तर बाई कपाटामागे तशीच बसून. पायाला मुंग्या आलेल्या, डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "अगं वेडे, यायचं ना बाहेर!"

"बाबांनी ऊठ कुठे म्हटलं?"

चौथीत होती ती.

आम्ही तिघं डोंगरावर गेलो होतो. धुकं उतरलं. टोपी मागे राहिली म्हणून ती वळली. चार पावलं फक्त.

मग तीन शिट्ट्या.

हे एक वाजवून धावले. धुक्यात आवाज फसवतो, डावीकडचा उजवीकडून येतो. अंधार पडेपर्यंत तेच चाललं होतं. तीन. एक. तीन. एक.

मग नुसती यांची एक.

टोपी सापडली. ती नाही.

सरकारी शोध थांबला. पथकही थकलं. हे मात्र दर रविवारी एकटे जात राहिले. मला वाटायचं, माणूस मनाची समजूत घालतोय. घालू दे.

तर अहवाल. मी सगळं झकास लिहिलं. वाट चुकलेले आजोबा, दरीत अडकलेले दोन विद्यार्थी. शेवटची ओळ यांनी घालायला लावली. 'एक मुलगी. शोध चालू.'

साहेबांनी अहवाल परत पाठवला. म्हणाले, "बाकी उत्तम. पण इतकी वर्षं चालू असलेला शोध म्हणजे बोर्डाला अपयश वाटेल. तेवढा बंद करून टाका."

ती मुलगी कोणाची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. यांनी सांगितलंही नाही.

त्या रविवारी दुपारी मी टेबलाशी बसले. हे त्या दिवशी डोंगरावर न जाता समोर, हातात गार झालेला चहा. 'चालू' खोडलं. 'बंद' लिहिलं.

आणि...

शिट्टी वाजली.

बारीक. लांबून. खिडकी बंद होती.

पुन्हा... आणि पुन्हा.

तीन.

मी यांच्याकडे पाहिलं. हे दचकलेसुद्धा नाहीत. नुसती मान खाली.

"अहो... तुम्ही ऐकलंत?"

"ऐकतो गं. दर रविवारी ऐकतो."

"आणि मला कधी सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? आवाजाच्या मागे जातो तर पुढून येतो, पुढे गेलो की मागून. तिथेच बसलीय ती. मीच सांगितलंय ना तिला, हलू नकोस म्हणून."

मी रडत ओरडले, "मग ऊठ म्हणा ना तिला! नुसतं एवढंच म्हणायचंय!"

यांनी कप टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "म्हटलं तर शिट्टी थांबेल. मग माझ्याकडे काय उरलं?"

मी यांच्यावर इतकी वर्षं चिडत होते. त्या दिवशी पहिल्यांदा यांचं डोकं छातीशी धरलं.

बढती मिळाली. बदलीचा हुकूम आला. सामान बांधून झालं आणि निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं डोंगरावर गेलो. ऊन स्वच्छ होतं. टोपी सापडली होती तिथे उभे राहिलो.

शेवटी मीच यांचा हात दाबला, तेव्हा यांनी हाक मारली.

"टिटवे! सापडलीस गं बाळा! ऊठ आता. घरी चल!"

मग आम्ही पथकासारखे थिजून उभे राहिलो. कान देऊन.

काही नाही. पानसुद्धा हललं नाही.

हे लहान मुलासारखे रडले. मीही. पण खरं सांगते, उतरताना मला हलकं वाटत होतं. सुटली पोर, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ट्रक भरला आणि आम्ही निघालो.

नवीन क्वार्टरमध्ये महिनाही झाला नसेल. संध्याकाळी फोन आला. आमच्या जुन्या घरात सिग्नल तुकडीतल्या एकाचं कुटुंब आलं होतं, त्याची बायको. बिचारी चाचरत बोलत होती.

"ताई, रागावू नका. तुम्ही राहायचात तेव्हा मागच्या खोलीत कधी काही... आवाज यायचा का?"

मी हातातला डबा खाली ठेवला.

"कसला आवाज?"

"शिट्टीचा. संध्याकाळी."

"तीनदा?"

"नाही हो. एकदाच. मग सगळं शांत. जसं कुणी... उभं राहून ऐकतंय."

एकदाच.

ऐकलं, येतेय.

आम्ही तिला घरी चल म्हटलं होतं. ती आली. बाबांनी सांगितलं होतं ना, आली गुणी पोर. आणि घरात परकी माणसं. आम्ही दुसऱ्याच दिवशी कुलूप लावून निघालो होतो!

हे त्याच रात्रीच्या गाडीने गेले. त्या बाईने यांना मागच्या खोलीत बसू दिलं, चहा दिला, काही विचारलं नाही. देव तिचं भलं करो. हे संध्याकाळभर तीन-तीन वाजवत बसले. उत्तर आलं नाही.

हे परत आल्यावर तिचा पुन्हा फोन आला.

"ताई, आता घरात नाही वाजत. काल वसाहतीच्या फाटकापाशी वाजली. एकदाच. आज दूधवाला सांगत होता, मोठ्या रस्त्यावर ऐकली म्हणून."

त्यानंतर काही कळलेलं नाही.

रस्ता लांब आहे. फाटे फुटतात. आणि ती चौथीतलीच आहे हो.

नियम तर ठरलेला आहे. हरवलेल्याने जागेवरून हलायचं नाही. म्हणून आम्ही हलत नाही. दिवेलागणीला आम्ही मागचं दार उघडतो आणि हे तीनदा शिट्टी वाजवतात. मग दोघंही उभे राहतो. मी गॅससुद्धा बंद करते. शेजारचे आम्हाला वेडे म्हणतात. म्हणोत बापडे.

भीती एकाच गोष्टीची वाटते. आम्हाला इथून कुणी हलवलं तर?

परवा यांच्या अहवालाची वेळ आली. पुढची बढती, पुन्हा बदली. यांनी ती नको म्हणून लिहून दिलं. बाकीचं मी लिहिलं, एक ओळ यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. 'शोध चालू.'

इथले साहेब म्हणाले, "नायब सुभेदार, या भागात तर कुणीच हरवलेलं नाही. कोणाचा शोध?"

हे म्हणाले, "आमचा, साहेब."