बाटलीतले काका

शपथेवर सांगतो, यात माझी एकही थाप नाही. एरवी थापा मारताना मी कुणाला सोडत नाही. पण हे भाऊजींनी स्वतः सांगितलंय, आणि त्या माणसाला थापा मारताच येत नाहीत.

भाऊजी म्हणजे बहिणीचा नवरा. एमआरआय मशीनच्या कॉइल, म्हणजे शरीराच्या आतला फोटो टिपणारी वेटोळी, बनवतात. प्रोस्टेटचा कॅन्सर लवकर दिसावा म्हणून. जुनी कॉइल पेशंटच्या कुठून आत घालायचे, ते विचारू नका! भाऊजींची नवी कॉइल कमरेला चड्डीसारखी गुंडाळायची.

माणसाला लावण्याआधी ती पाण्याच्या मोठ्या बाटलीवर तपासतात. फोटोत यायला हवा नुसता पांढरा गोळा.

मंगळवारची भर दुपार. तळघरातली लॅब. भाऊजींनी बाटलीला कॉइल गुंडाळली, काचेबाहेर येऊन मशीन सुरू केलं.

स्क्रीनवर आलं... माणसाचं ओटीपोट.

मधोमध अक्रोडाएवढी प्रोस्टेट. तिच्यात काळा ठिपका. मसुराएवढा.

काचेपलीकडे तर बाटलीच होती.

मग स्पीकरमधून...

"झालं का हो?"

म्हातारा, दमलेला आवाज.

भाऊजींनी साहेबांना बोलावलं.

"अरे, जुना फोटो मेमरीत अडकलाय. पुसून टाक."

पुसला.

पुढच्या मंगळवारी परत तोच माणूस. ठिपका... वाटाण्याएवढा.

जुना फोटो वाढतो का हो कधी?

भाऊजी माईकवर ओरडले, "काका, नाव सांगा! राहता कुठे? आत्ता उपचार केले तर वाचाल!"

नुसती मशीनची ठकठक. मग...

"उठू का?"

भाऊजींनी घरातला, शेजारचा एकेक काका धरून तपासायला नेला. मलाही.

"अहो भाऊजी, मी काय म्हातारा झालोय?"

"पन्नाशी उलटली. गप चल."

माझं साफ निघालं. सगळ्यांचंच निघालं.

तिकडे ठिपका फुगत गेला. एका मंगळवारी तर प्रोस्टेटची कड फोडून बाहेर आला. त्या दिवशी स्पीकरमधून फक्त कण्हणं...

कॉइल अशी झकास, की सगळं दिसत होतं. कुणाचं, तेवढं सोडून.

गेल्या मंगळवारी स्क्रीनवर आला... नुसता पांढरा गोळा.

साहेबांनी टाळी वाजवली. "बघ! सुधारली की नाही कॉइल?"

भाऊजी माईकचं बटण दाबून बसलेले.

"काका?... आहात ना?"

त्या आठवड्यात आमच्या ओळखीत कुणीच गेलं नाही. दारोदार विचारून आलोय.

म्हणून इथे लिहितोय...

तुमच्यापैकी कुणाचे होते?