खजुरीच्या पोटातली पावलं

खल्फान भर दुपारी आला, कारण झाडं ऐकण्याचं काम दुपारीच नीट होतं. जेवणं उरकून गाव आडवं झालेलं, पाण्याच्या मोटारी बंद, शेळ्यासुद्धा सावलीला चिडीचूप. बागेतून वाहणारा पाट तेवढा जागा होता. एरवी ही वेळ कोणाला आवडत नाही. पोरांना या वेळी घराबाहेर सोडत नाहीत, आणि गाढवाच्या पायांची बाई उन्हात फिरते असं सांगून भेवडवतात. खल्फान आता खजुरी तपासणाऱ्या खात्यात नोकरीला होता, दाढी राखून होता, पण दुपारी एकटा बागेत शिरताना तो अजूनही एकदा मागे वळून पाहायचा.

शम्सामावशीने त्याला कॉफी दिली, पुढ्यात खजुराची थाळी सरकवली. तिचा मुलगा हिलाल झाडावर चढायचा दोर मांडीवर घेऊन, तोंड फुगवून बसला होता.

"आले डॉक्टर! नाडी बघा, जीभ बघा, आणि एकदाचं मला चढू द्या," तो म्हणाला. "घड पिकून टपटप गळायला लागलेत."

"गळू देत," मावशी म्हणाली. "गेल्या महिन्यात खालच्या गावात काय झालं ते विसरलास? झाड वरून हिरवंगार, आतून पोकळ. माणसासकट मोडलं. मला एकच पोरगा आहे बाबा, खजूर पुढच्या वर्षीही येईल."

"आत्या मला पाडायची नाही."

या गावात खजुरीला आत्या म्हणतात. ही आत्या घराला लागूनच उभी होती, बागेत सर्वांत उंच. हिलालचे वडील जहरान तिच्यावर चढत म्हातारे झाले आणि तीन वर्षांपूर्वी आपल्या अंथरुणात, तापाने गेले.

"आणि चढशील तेव्हा आधी खाकर," मावशीने बजावलं. "भिंतीपलीकडे आता शिक्षकाचं बिऱ्हाड आलंय. त्याची बायको सुरैया गच्चीवर कपडे वाळत घालते. वरून सगळं दिसतं."

"मी हाक मारतो की. खाकरणं बाबांचं. ते दोनदा खाकरले की गल्लीतल्या बायका आत पळायच्या."

"तुझ्या बाबाला रीत होती. तुला नाही."

खल्फानने हसत रिकामा कप हलवून पुरे म्हणून सांगितलं आणि तो उठला. खोडाच्या बुडाशी त्याने खिळ्यासारखी सळई ठोकली, तिला वायर जोडली, हेडफोन कानांवर चढवले आणि डोळे मिटले. खोड पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याच्या अळ्या आत असल्या की कोणी लपूनछपून कडक रोटी चावावी तसा आवाज येतो. बहुतेक वेळा कीड बुडाशीच शिरते, म्हणून ऐकायचं ते बुडाशीच.

काही नाही. नुसती घूं अशी शांतता. खल्फानला बरं वाटलं. निरोगी झाडाला बांधायची हिरवी फीत त्याने खिशातून काढली.

तेवढ्यात आवाज आला.

सर्र... मग धप्प. मग हलकंसं टक. पुन्हा सर्र...

दोर वर सरकवल्याचा आवाज होता तो. मागोमाग झावळ्यांच्या खुंटांवर पडणारी पावलं, एक जड, एक हलकं. खल्फानने डोळे उघडून हिलालकडे पाहिलं. दोर त्याच्या मांडीवरच होता. झाडावर चिटपाखरूही नव्हतं.

आवाज वर वर गेला आणि थांबला. बराच वेळ काहीच नाही. मग तो पुन्हा अगदी खालून, सळईच्या शेजारून सुरू झाला. सर्र... धप्प... टक. पुन्हा वर जाऊन तेवढ्याच अंतरावर थांबला. खल्फानच्या पाठीवरून घामाचा ओघळ उतरला, आणि एवढ्या उन्हात तो गार लागला.

"काय रे? आहे का काही?" मावशीने विचारलं.

त्याने हेडफोन काढून हिलालच्या कानांवर ठेवले. हिलाल आधी हसला. मग त्याचा चेहरा पांढरा पडला.

"हा पाय..." तो पुटपुटला. "बाबांचा डावा पाय आखूड होता... असेच चढायचे ते..."

"हळू बोल. मावशी ऐकेल."

"मला बोलावतायत. खल्फान... ते मला वर बोलावतायत."

आणि त्याने दोर खोडाभोवती टाकलासुद्धा. डोळे असे, की समोर कोण उभं आहे हेही दिसत नसावं. खल्फानने दोराचं टोक धरलं. खरं तर त्याला तिथून पळ काढायचा होता, यंत्रबिंत्र टाकून.

"बोलावत असते तर शेंड्यापर्यंत गेले असते," तो घाईघाईने म्हणाला. "मध्येच का थांबतात? दर वेळी तिथेच का? थांब जरा... तुझ्या आईची शपथ आहे तुला."

शपथेने हिलाल थांबला. हेडफोन परत घेऊन, सळई उपटून, घराच्या भिंतीला शिडी लावून खल्फान वर गेला आणि जिथे पावलं थांबत होती त्या उंचीवर त्याने सळई टेकवली. ठोकावी लागलीच नाही. ती लोण्यात जावी तशी आत गेली. आंबलेल्या रसाचा आंबट, कुजका वास भस्सकन नाकात शिरला. हेडफोनमध्ये अख्खी लग्नाची पंगत बसल्यासारखी चावाचावी चालली होती.

"चढू नकोस!" तो ओरडला. "दोर काढ! पोकळ आहे ही, वरच्या अंगाला पोकळ आहे!"

दुपार कलल्यावर खात्याची माणसं आली. करवत लावायची वेळच आली नाही. शेंड्याला दोर बांधून ओढताच आत्या बरोबर त्याच जागी मोडली आणि बागेत आडवी झाली. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मावशी मोडक्या खोडावर हात ठेवून रडली, मग हिलालला जवळ ओढून त्याच्या डोक्याचे मुके घेत हसली, मग पुन्हा रडली. खल्फानच्या छातीवरचा दगड उतरला. त्या पावलांबद्दल तिला कोणी काही सांगितलं नाही.

खोड जाळायला नेलं तरी उजेड बाकी होता. शेजारची धाकटी खजुरीही घडांनी लगडली होती. खल्फानने ती बुडाशी ऐकली, शिडी लावून वर ऐकली, पुन्हा बुडाशी ऐकली. ठणठणीत. त्याने हिरवी फीत बांधली.

"जा. ही तुला पाडायची नाही," तो म्हणाला.

हिलालने खोडाभोवती दोर टाकला. पण पाय उचलेना. हाक मारायचंही त्याला सुचत नव्हतं.

भिंतीपलीकडून सुरैयाचा वैतागलेला आवाज आला.

"ऐकलं हो, ऐकलं! दोनदा काय खाकरता? गेले मी आत. चढा!"

तिघांपैकी कोणी खाकरलं नव्हतं.

सळई अजून खोडात होती. हेडफोन खल्फानच्या गळ्यात लोंबत होते. ते कानांना लावायची त्याची छाती झाली नाही.

मावशीने डोक्यावरची ओढणी सारखी केली. दिवसभराचा शीण तिच्या तोंडावरून पुसला गेला होता. तिने हिलालच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब थोडं," ती हळूच म्हणाली. "त्याला वर पोचू दे. मग चढ."