गुऱ्हाळाची शिट्टी

"मशीन थांबवा! पुन्हा गळायला लागलं!" ओम ओरडला आणि अर्शी चरकाकडे धावली.

दिवाळीची सुट्टी, देवळालीतलं ओमच्या आबांचं गुऱ्हाळ आणि हवा तेवढा गरम गूळ, असा दोघा दोस्तांचा झकास बेत होता. पण उसाच्या चरकाचा गिअरबॉक्स हात धुऊन मागे लागला होता. त्याच्या फिरत्या दांड्याभोवती ऑइल सील असतं. ही रबरी कडी दांड्याला बिलगून तेल आत अडवते. गुऱ्हाळाची मशीन दुरुस्त करणाऱ्या अर्शीच्या फैयाजमामूंनी नवं सील बसवलं, तरी तेल गळलं. दुसरं बसवलं, तेही गळलं. रसात तेल पडलं तर गूळ कोण खाणार? आबा भडकले. फैयाज डुप्लिकेट सील आणतो, असं त्यांनी चारचौघांत सुनावलं आणि संगमनेरच्या फिटरला बोलावणं धाडलं. मामू मान खाली घालून हत्यारं आवरू लागले. अर्शीला ते बघवेना.

"सकाळी थेंब न्हवता," ओम पुटपुटला. "मशीन तापलं की मगच गळतंय."

तापलं की? अर्शीला कालचा स्वयंपाक आठवला. कुकरच्या शिट्टीत डाळ अडकली होती आणि वाफ गॅस्केटच्या कडेनं फुसफुसत होती. बिचाऱ्या गॅस्केटचा काहीच दोष नव्हता!

"मामू, या मशीनला शिट्टी कुठाय?"

मामूंनी चमकून वर पाहिलं. गिअरबॉक्सच्या माथ्यावर बारीक भोकाची एक टोपी होती, आतली तापलेली हवा बाहेर सोडणारी. दसऱ्याआधी सर्व्हिसिंगच्या वेळी मामूंनी ते भोक स्वतः साफ केलं होतं. आता तिथे लालभडक रंगाचा थर होता! दसऱ्याच्या पूजेसाठी सगळा चरक रंगवला होता. कोणी? खुद्द आबांनी!

पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी?

अर्शीनं आबांना बंद मशीनजवळ नेलं, हातात तार दिली आणि तेवढं भोक मोकळं करून द्या, म्हणून गोड आवाजात विनवलं. कुरकुरत आबांनी तार खुपसली. फुस्स! कोंडलेली हवा सुटली आणि आबांच्या पांढऱ्या मिशांवर तेलाचे ठिपके उडाले. ओमनं हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला.

मामूंनी तेच सील ठेवून चरक सुरू केला. ओमनं खाली कोरा कागद पसरला. कढईत रस उकळला, गूळ साच्यात पडला, तरी कागद कोराच!

आबांनी सगळ्यांना हाक मारली. "फैयाज, चूक माजी हुती. तुला उगाच बोललो." मग गुळाचा पहिला खडा त्यांनी अर्शीच्या हातावर ठेवला. "संगमनेरवाल्याला येऊ नको म्हणून कळवा. आमच्याकडं आता दोन फिटर हायेत."

मामूंनी हसत आपला पाना अर्शीच्या हातात दिला.