झोपलेलं पुडिंग

"करपलं! परत करपलं!" भोंग्या ओरडला आणि त्याने धुराने भरलेल्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

डब्याच्या तळाशी काळा थर होता आणि वर गाजरांचा पाणचट लगदा. भोंग्याची धाकटी बहीण टिकली वाकून वास घेऊ लागली आणि लगेच नाक धरून मागे सरली. "हे मांजरसुद्धा खाणार नाही!"

"आपल्या घरी मांजर कुठे आहे?"

"असती तरी खाल्लं नसतं!"

या दोघांची चुलत बहीण मैना मात्र हसली नाही. ती गुपचूप डबा खरवडत राहिली. सतत बडबड करायची म्हणून तिला सगळे मैना म्हणत. पण सुट्टी लागायच्या आधी आजी गेली, आणि तेव्हापासून मैनेचा आवाज क्वचितच कानावर पडे. ती रडलीही नव्हती. रडू येतच नव्हतं. आत कुणीतरी कापूस ठासून भरलाय, असं तिला वाटायचं.

आजोबांचं तर त्याहून वाईट होतं. ताट समोर आलं की ते त्याच्याकडे नुसते बघत बसायचे आणि मग हळूच ते बाजूला सारायचे. "असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल," असं डॉक्टर काल बजावून गेले होते.

तेव्हा मैनाच म्हणाली होती, "आजीचं लढाईचं पुडिंग करू या. त्याला आजोबा कधीच नाही म्हणत नसत."

लढाईच्या दिवसांत साखर, लोणी, अंडी सगळं मोजून मिळायचं. तेव्हा आजीने किसलेली गाजरं, बटाटा, शिळ्या पावाचा चुरा आणि चमचाभर जॅम यांतून हे पुडिंग काढलं होतं. लढाई संपली, पण पुडिंग घरात राहिलं. काय काय घालायचं ते तिघांना पाठ होतं. तरी जमत नव्हतं!

"तास न् तास उकळावं लागत असेल," भोंग्या म्हणाला.

"पण आजी तर स्टोव्ह विझवून टाकायची!" टिकली म्हणाली. "मी हात शेकायला गेले तर स्टोव्ह गारच असायचा. आणि आजी म्हणायची, 'गोंगाट करू नका, पुडिंग झोपलंय!'"

भोंग्या चक्रावला.

"स्टोव्ह बंद? मग शिजायचं कशावर?"

"ते नाही माहीत. पण झोपायचं मागच्या खोलीत."

तिघं मागच्या खोलीत धावली. तिथे काहीच नव्हतं! फक्त धुळीने भरलेल्या फरशीवर एक स्वच्छ चौकोन होता आणि आजूबाजूला वाळलेल्या गवताच्या काड्या सांडल्या होत्या.

भोंग्याचे बाबा, म्हणजे मैनेचे काका, पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. "ती पेटी ना? परवाच देऊन टाकली जुन्या सामानवाल्याला," ते मान वर न करता म्हणाले. "आत नुसतं गवत भरलेलं! उंदरांची सोय!"

"आजोबांना विचारलंत?" मैना म्हणाली.

"ते कुठे कुणाशी बोलतात! तुम्ही आधी तो धूर घालवा बघू."

जुन्या सामानाचं दुकान चौकापलीकडे होतं. पेटी दारातच मांडलेली होती. दुकानदार एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "काचसामानाची पेटी आहे ही, बाई. मोठ्या घराण्यातली! गवत काढून टाकतो, मग यात मुलांची खेळणी ठेवा."

मैनेने झाकण उचललं. आत गवताने गच्च भरलेली पोत्याची गादी होती आणि तिच्या मधोमध एक गोल खळगा. तिने दोन्ही हात आत घातले. हा आकार तिच्या ओळखीचा होता. आजीचं मोठं पातेलं! झाकणाच्या आतल्या बाजूलाही तशीच गादी होती. गवताने चहूबाजूंनी लपेटलेलं उकळतं पातेलं निवणार तरी कसं? ते आतल्या आत शिजतच राहणार!

"ही काचसामानाची पेटी नाही," मैना म्हणाली. "ही चूल आहे."

दुकानदार पोट धरधरून हसला. "गवताची चूल! अगं, काडी लावलीस तर दुकान जाईल माझं!"

"काडी न लावताच शिजवून दाखवू," भोंग्या पुढे झाला. "दाखवलं तर पेटी आमची. बोला, आहे कबूल? की घाबरलात?"

गिऱ्हाईक बाईही हसू लागल्या. "आता माघार घेऊ नका हं, दुकानदार!"

"कबूल! पण नाही शिजलं तर सुट्टीभर माझं दुकान झाडायचं!"

घरी येऊन तिघांनी भराभरा गाजरं किसली. पुडिंगचा डबा पातेल्यातल्या पाण्यात ठेवला, पाणी चांगलं खळखळू दिलं आणि पातेलं दोन जाड फडक्यांत गुंडाळून दुकानाकडे धाव घेतली.

"सांभाळ! सांडेल!"

"तू ओरडू नकोस, त्यानेच सांडेल!"

पातेलं खळग्यात नेमकं बसलं. मैनेने झाकण लावलं आणि ती पेटीवरच बसून राहिली. दुकानदार येता-जाता "वाफ दिसत नाही बुवा!" म्हणून चिडवत होता. भोंग्याचा धीर सुटत चालला होता. "मैने, गार झालं असलं तर?"

"तर झाडू मारू," ती म्हणाली. तिला भीतीसुद्धा वाटत नव्हती.

दुपार उलटली तेव्हा गिऱ्हाईक बाई मुद्दाम परत आल्या. झाकण उघडलं, आणि वाफेचा लोट थेट दुकानदाराच्या चष्म्यावर! डब्यात पुडिंग फुगून तांबूस झालं होतं. "यात साखर नाही हं!" टिकलीने आधीच सांगून टाकलं. बाईंनी चमचाभर चाखलं. "अहो, साखर नाही म्हणता? मग हे गोड कसं?"

"गाजरं हळूहळू शिजली ना!" टिकली ऐटीत म्हणाली.

दुकानदाराने चष्मा पुसला. "हरलो बुवा! माझ्या दारात एवढी वस्तू पडली होती आणि मी तिचं गवत उपटायला निघालो होतो. घेऊन जा. हातगाडी देतो."

हातगाडी घराशी थांबली तेव्हा आजोबा दारात उभे होते. पेटीवरून त्यांनी हात फिरवला.

"ही मी केली होती," ते म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते आपणहून बोलले. "लढाईत रॉकेल मिळेना. मग मी फळ्या ठोकल्या आणि तुमच्या आजीने गाद्या शिवल्या. ही घराबाहेर गेली आणि मला कळलंही नाही! मी तर घरातच होतो."

काका दाराशी ओशाळून उभे होते. "चुकलं माझं, बाबा. विचारायला हवं होतं. पोरांनी लाज राखली आज."

"लाज कसली, घर राखलं!" आजोबा म्हणाले. "गवत बघून चूल ओळखली! शाबास रे पोरांनो!"

ते ताटाशी बसले. एक घास घेतला. मग दुसरा.

"आजीसारखं झालंय?" मैनेने विचारलं.

"नाही," आजोबा म्हणाले. "पाव जास्त झालाय. ती गाजर अगदी बारीक किसायची. उद्या परत करू. किसायला मी बसतो."

भोंग्याने टाळी वाजवली. टिकलीने काकवीसारखा चिकट झालेला चमचा चाटून टाकला. मैनेला अजूनही रडू आलं नाही. पण तिला भूक लागली होती, चांगलीच कडकडून. तिने ताटली पुढे केली, आणि आजोबांनी आपल्या हाताने तिला मोठा तुकडा वाढला.