वळणावरचा पाहुणा दगड

सकाळी सहाला दूधवाल्याचा फोन आला. घाटातल्या वळणावर दरड. या पावसाळ्यातली तिसरी.

रस्ते-निरीक्षक बाई पोचल्या तेव्हा म्हशीएवढा दगड रस्त्याच्या मधोमध बसला होता, रुसलेल्या जावयासारखा. शेजारी गस्तवाले काका आणि जेसीबीवाला उभे.

काकांचं काम सोपं. कड्यातला सैल दगड आणि मागचा कातळ, दोन्हींवरून एकच पांढरी रेषा रंगवायची आणि रोज पाहायची. रेषा तुटली की दगड सरकला, रस्ता बंद. महिन्यापूर्वीच्या पहिल्या दरडीला त्यांनी तसा तो वेळेत बंद केलाही होता. पुढच्या दोन्हींना मात्र इशाराच नाही. काकांना घरी बसवायचा आदेश बाईंच्या पिशवीत होता. सही तेवढी बाकी.

"काल रेषा पाहिल्यात, काका?"

"सगळ्या सरळ होत्या, बाई."

"मग हा काय आभाळातून पडला?"

"वय झालं की नजर जाते हो," जेसीबीवाला कळवळला. "काकांना आता विश्रांती द्या, मॅडम."

ही माया बाईंना जरा जास्तच गोड लागली.

"तू कधी आलास?"

"साडेपाचला."

"फोन तर सहाला आला."

"आतून वाटलं, मॅडम."

बाईंनी दगडाला फेरी मारली. त्यावर अर्धी पांढरी रेषा होती. खालच्या डांबरावर साधा ओरखडा नव्हता. उरलेली अर्धी रेषा वर कड्यात दिसली, एका रिकाम्या खोबणीशेजारी. खोबणीत वीतभर गवत डुलत होतं.

"पहिल्या दरडीचा दगड कुठे टाकलास?"

"दरीत."

"खोटं. एका रात्रीत गवत वीतभर वाढत नाही. हा महिन्यापूर्वी पडला, तेही एकदाच. तू लपवून ठेवलास आणि दोनदा आणून मांडलास. अलगद, म्हणून डांबर शाबूत. कशासाठी?"

त्याचा चेहरा उतरला. "दरडी थांबल्या की मशीन लांबच्या घाटात पाठवणार, सोबत मला. बायकोचा नववा महिना आहे, मॅडम."

"आणि काकांच्या पोटावर पाय?"

काकांचं मात्र इकडे लक्षच नव्हतं. ते सवयीने वर पाहत होते.

"बाई, मधली रेषा तुटली! पळा!"

जेसीबीवाला कड्याखाली उभ्या मशीनकडे वळला. काकांनी त्याची कॉलर धरून त्याला उलटं ओढलं. मागे कडाडलं. या खेपेला डांबर फुटलं.

बाईंनी आदेश फाडला.

मशीन आता लांबच्या घाटात जाणार नव्हतं. ते दगडाखाली होतं.