हजेरी लावणारा

वाशीमकडच्या मालेगावच्या कॉलेजात अनुप तीन वर्षं शिकला. त्यातलं साधारण दीड वर्ष तो स्वतः हजर होता, उरलेलं त्याचा गाववाला दोस्त सतीशनं भागवलं. त्यांच्या गावाहून, किन्हीराजाहून, सकाळची एस.टी. मिळाली तर मिळाली. ज्याला मिळायची तो न मिळालेल्याच्या नावालाही 'यस सर' म्हणायचा. यात कुणाला काही पाप वाटत नव्हतं, सर तर मान वर न करताच खूण करायचे. एकदा दोघंही गैरहजर असताना दोघांची हजेरी लागली होती. ती कुणी लावली हे कधी कळलं नाही. दोघं त्यावर पोट धरून हसले होते.

इंग्रजीत एम.ए. झाल्यावर अनुपला वाशीम जिल्ह्यात कुणी शिकवायला ठेवलं नाही, व्हिएतनामात ठेवलं. हनोईपासून सहा तासांवर, डोंगरातल्या एका गावात लहान मुलांच्या शाळेत. किन्हीराजात त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर अनुपपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे होते.

नोकरीत कडक अट एकच. रविवार सोडून रोज सकाळी आठच्या आत मोबाइलमधल्या ॲपसमोर चेहरा धरायचा. हिरवी खूण आली की माणूस हजर. सलग तीन दिवस खूण नाही, तर नोकरी नाही.

पाचव्या महिन्यात चार दिवसांची सुट्टी संपवून तो हनोईहून झोपायच्या बसनं निघाला. अंगात कणकण होती. त्या बसमध्ये चढतानाच जोडे काढून पिशवीत ठेवावे लागतात. वाटेत बस एका खाणावळीपाशी थांबली तेव्हा दारात पडलेल्या सार्वजनिक चपला पायात सरकवून तो मागच्या बाजूला ओकायला गेला. येऊन बघतो तर बस निघून गेलेली. बॅग गेली, चार्जर गेला, जोडे गेले, आवडता निळा चौकड्यांचा शर्ट गेला. कमरेच्या पट्ट्यात पासपोर्ट आणि पैसे होते, खिशात मोबाइल होता आणि पायातल्या दोन्ही चपला डाव्या होत्या.

तशाच चपलांनी तो जवळच्या दवाखान्यात पोचला. डेंगू निघाला. जगाला इंग्रजी शिकवायला निघालेल्या माणसाला तिथं इंग्रजी कळणारं एकही माणूस भेटलं नाही. नर्स येऊन दोन बोटं दाखवायची. म्हणजे दोन गोळ्या, किंवा दोन दिवस, किंवा दहातले दोन वाचतात. मोबाइल दुसऱ्या दिवशी बंद पडला.

खाटेच्या एका अंगाला हिरवा पडदा होता. त्यामागं कुणीतरी कूस बदलल्याचा, घोटभर पाणी प्यायल्याचा आवाज यायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप एकशेचारवर गेला आणि अनुपला वाटलं, आपण मालेगावला मागच्या बाकावर बसलोय. तो पडद्याकडं तोंड करून सवयीनं म्हणाला, "माही हजेरी लावून देशीन का बावा?"

"देतो ना," पडद्यामागून आवाज आला. "तू झोप."

अनुप निर्धास्त झोपला.

नवव्या दिवशी उठता आलं तेव्हा त्यानं पडदा सारला. मागं खाट नव्हती. हातभर जागा, मग भिंत, भिंतीला बेसिन. बेसिनवरचा साबण ओला होता. तापात माणूस काहीही ऐकतो, असं त्यानं स्वतःला आधी मराठीत आणि मग इंग्रजीत समजावलं. नोकरी गेलीच आहे तर घरी तरी जाऊ, म्हणून त्यानं सरळ विमान धरलं. विमानतळावर ग्लानीत होता, कुणी काय विचारलं ते आठवत नव्हतं.

घरी आई, वच्छलाबाई, त्याला पाहून पोटभर रडली. मग तिनं पातळ खिचडी टाकली, आतल्या खोलीत पंख्याखालचा पलंग त्याला दिला. बाप ग्यानबा एस.टी.तून रिटायर झालेला ड्रायव्हर. त्यानं पोराकडं नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "जातानी पासष्ट किलो होता. कस्टमवाल्यानं ठेवून घेतला का बाकीचा?"

मोबाइल चार्ज झाला. ॲप उघडलं. रविवार सोडला तर नऊही दिवस हिरवी खूण होती. दहाव्या दिवशीही होती, आणि दहावा दिवस तर अनुपनं विमानात काढला होता.

सतीश आता मालेगावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवत होता. त्याला बोलावून घेतलं.

"तुनं लावली का बे?"

"मी कसा लावीन? चेहरा लागते तिथं. माह्या चेहऱ्यानं तं माहाच फोन उघडत नाई." सतीशनं खुणा पुन्हा मोजल्या. "पण चांगलंच झालं ना. नोकरी शाबूत हाये. तुले काहून घाम सुटून राह्यला?"

शाळेच्या फेसबुक पानावर त्याच सकाळचा व्हिडिओ होता. फळ्यापाशी पाठमोरा एक माणूस लिहीत होता, अंगात निळा चौकड्यांचा शर्ट. मुलं हसत होती. माणूस वळला.

सतीशनं एकदा मोबाइलकडं, एकदा अनुपकडं पाहिलं. मग म्हणाला, "थोडा भरला हाये अंगानं."

अनुपला टोचलं ते वेगळंच. त्या माणसाचं इंग्रजी त्याच्यापेक्षा चांगलं होतं.

त्यानं शाळेच्या मॅडमना लिहिलं, मी अनुप, मी भारतात माझ्या घरी आहे, वर्गात उभा आहे तो मी नव्हे. अर्ध्या तासात उत्तर आलं, फार सभ्य. तुम्ही असं लिहाल हे अनुपसरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं आहे. तुमच्या आजारपणाची त्यांना फार काळजी वाटते. लवकर बरे व्हा.

ताप परत आला. सकाळी साडेसहाला, म्हणजे तिकडं आठला, हुडहुडी भरायची. तिकडची शाळा सुटायच्या वेळेला घाम येऊन उतरायचा. मालेगावच्या डॉक्टरनं रक्त तीनदा तपासलं, रक्तात काहीच नव्हतं. रविवारी ताप नव्हता. रविवारी शाळेला सुट्टी.

आपण जाऊन उभं राहिलं की निकाल लागेल, असं ठरवून तो मालेगावात श्रेयांसच्या दुकानी गेला. हुकूमचंद शेठच्या कापडदुकानाच्या अर्ध्या भागात त्यांचा हा पोरगा तिकिटं, पासपोर्ट, ऑनलाइन फॉर्म बघायचा. श्रेयांसनं पासपोर्ट पुढून मागं आणि मागून पुढं चाळला.

"अनुपभाऊ, तिकडं उतरल्याचा शिक्का हाये. तिकडून निघाल्याचा नाई. इकडं आल्याचाबी नाई." त्यानं पासपोर्ट हळूच काउंटरवर ठेवला. "तुमी तं अजून तिकडंच हाये."

"अन् मी इथं कोण उभा हाये मंग?"

"ते मी कसं सांगू? मी कागदावर चालतो." मोबाइल पुढं करत श्रेयांस म्हणाला, "परवाच वॉट्सॲपवर तुमाले विचारलं होतं, तब्येत कशी हाये. मस्त हाये म्हणले तुमी."

त्या संध्याकाळी तिकडून घरी पहिला व्हिडिओ कॉल आला. ग्यानबानं उचलला. अनुप समोरच बसला होता. पडद्यावर त्याचाच चेहरा, गाल भरलेले, केस नीट कापलेले. त्यानं बापाच्या गुडघ्याची चौकशी केली. अनुपनं आल्यापासून ती एकदाही केली नव्हती.

ग्यानबानं फोन ठेवला आणि तंबाखू मळत बसला. "दोन झाले तं झाले," शेवटी म्हणाला. "एक कमावते, एक आराम करते."

"बाबा, तो मी नाई."

"मी कुठं काय म्हणतो?" ग्यानबा म्हणाला, पण त्याच्याकडं बघून नाही.

मग रोज सहाला कॉल येऊ लागला. आई हसत असल्याचं आतून ऐकू यायचं. अनुपनं एकदा फोन तिच्या हातातून ओढून घेतला. पलीकडचा रागावला नाही. "तू आराम कर," म्हणाला. "मी हाये ना."

पंख्याखालचा पलंग गेला. त्याची वळकटी बाहेरच्या खोलीत दाराजवळ आली. आई ताट वाढायची, आग्रह करायची, पण नावानं हाक मारायची नाही. ग्यानबा त्याच्यासमोर राजकारणावर बोलायचा, गाडीत शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं.

सतीशला उपाय सुचला. "कॉलेजात आपण खुद्द येऊन पोचलो तं दुसऱ्याची 'यस सर' चालत होती का? नाई ना? उद्या तू त्याच्या आधी लाव."

सोमवारी सकाळी सव्वासहाला अनुप आंघोळ करून, भांग पाडून ओट्यावर बसला. उजेड चांगला होता. सतीश शेजारी उभा. अनुपनं फोन चेहऱ्यासमोर धरला.

चेहरा जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा.

चष्मा काढून धरला.

चेहरा जुळत नाही.

सतीशनं फोन पुसला, स्वतः धरून पाहिला, कोन बदलला. तेरा वेळा. साडेसहाला फोन आपोआप थरथरला आणि हिरवी खूण आली. हजर.

अनुपला हुडहुडी भरली.

सतीशनं त्याला धरून आत नेलं, वळकटीवर निजवलं. निघताना त्यानं दारातून वळून पाहिलं. मग चप्पल घालून बाहेर पडला आणि ओट्यावर बसलेल्या ग्यानबाला म्हणाला, "येतो काका. अनुपचा फोन आला तं मी आठवण काढत होतो म्हणून सांगा."

संध्याकाळी सहाला आईचा आवाज आला, आतून, दबका.

"हाव रे बापू, झालं जेवण. तू जेवला का? नाई, मोठ्यानं नाई बोलत. पाहुणे हायेत घरी. बिमार हायेत बिचारे. जातीन दोन-चार दिवसांत."

अनुपनं हाक मारली. आई म्हणून. घशातून आवाज आला तो त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही.

थोड्या वेळानं वच्छलाबाई चहा घेऊन आली. दाराशी थांबून तिनं डोक्यावरून पदर घेतला. कप-बशी खाली ठेवली, जरा अंतरावर, आणि जमिनीकडं बघत अदबीनं विचारलं,

"साखर किती लागते जी तुमाले?"